दादांच्या अंगठ्याच्या मापाचा कंट्रोलर

मला मदत केली ती नेरूळ स्टेशनाबाहेर, जिन्याखाली टेबल टाकून टीव्हीचे रिमोट दुरुस्त करणाऱ्या चाचांनी. हे आधीच लिहून टाकतो. पुढं जे सांगायचंय त्यात माझ्या चुकाच इतक्या आहेत, की त्या सांगता सांगता चाचांचं राहून जाईल अशी मला धास्ती वाटते. चाचा नावड्याचे. तिथून रोज बसनं येतात, दुपारी तिथंच डबा खातात आणि अंधार पडायच्या आत टेबल आवरतात. तुमचं नाव लिहू का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "नको रे बाबा. कुणाचा रिमोट परत बिघडला तर नाव वाचून घरी येईल."

मी हिंगोलीकडचा. नववी अर्धी झाली आणि शाळा सुटली. का सुटली त्यात सांगण्यासारखं काही नाही. इथं आलो ते गावातल्या एकाच्या ओळखीनं, आणि त्याच ओळखीनं ब्युरोत लागलो. ब्युरो म्हणजे घरी आजारी माणूस असेल तर त्याला सांभाळायला माणसं पाठवणारं ऑफिस. सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी. अंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं, औषधाची वेळ सांभाळायची. घरच्यांनी ऑफिसला एक फोन केला की दुसऱ्या दिवशी आपल्या जागी दुसरा माणूस. म्हणून कुठल्याही नव्या घरात गेलो की मी पहिल्यांदा कप कुठं ठेवतात, चपला कुठं काढतात, पंखा कितीवर असतो ते बघून घेतो. हे शिकवलेलं नाही, भीतीनं आपोआप आलं.

आमच्या कामातली आणखी एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. बरा होणारा माणूस अटेंडंट ठेवत नाही. तो मालिशवाला ठेवतो, व्यायाम करून घेणाऱ्याला ठेवतो. आम्हाला बोलावतात तेव्हा घरातल्यांना बहुतेक कळलेलं असतं.

नेरूळजवळच्या सारसोळ्यातल्या दादांच्या घरी मला पाठवलं तेव्हा वहिनींना कळलेलं होतं. दादांनाही. दादा पंचावन्नचे. त्यांना मज्जातंतूंचा आजार होता, ज्यात एकेक अवयव काम सोडत जातो आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. मी गेलो तेव्हा पाय गेले होते, डावा हात गेला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी चालत होती. जीभ थोडी जड, पण बोलणं समजायचं. आणि बोलणं काय! पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तू हिंगोलीचा ना? मंग एवढा घाबरून काय बघतंस? मी काय तुला चावनार हाय? उठता येत नाय मना."

घर तीन मजली. खाली भाडेकरू, वर ही दोघं. मुलगी बंगळूरला नोकरीला. दादांचे वडील खाडीत मासे धरायचे. दादांनी मात्र तरुणपणी घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. चार टीव्ही, चार बाकडी, आणि कॅसेट घालून चालणारी मशीन. नेरूळच्या नव्या बिल्डिंगांतली पोरं शाळा सुटली की दप्तरासकट यायची. मोबाईल आले आणि दुकान बंद पडलं, पण दादांच्या बोलण्यात ते कधी बंद झालं नाही.

त्या दुकानात एक विमानाचा खेळ होता. सात स्टेज. विमान खालून वर जातं, समोरून येणाऱ्या विमानांवर गोळ्या झाडायच्या, आणि सातव्या स्टेजला एक पडदाभर मोठं जहाज येतं. ते जहाज बुडवणारा अख्ख्या दुकानात एकच माणूस होता, तो म्हणजे दादा. रविवारी पोरं फक्त ते बघायला यायची.

वहिनी सांगायच्या, "लग्न जमलं तवा माझ्या भावानं येऊन विचारलं, पोरगा काय करतं? लोक बोलले, विमान चालवतं." आणि एवढं बोलून हसत हसत आत निघून जायच्या. आत गेल्यावर बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत.

मुलीनं दादांच्या वाढदिवसाला नवीन गेमचं मशीन पाठवलं. टीव्हीला जोडायचं, पाटीएवढं पातळ. त्यात जुने खेळ उतरवून घेता येतात, आणि तिनं तो विमानाचा खेळ शोधून त्यात घालून ठेवला होता. फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचं विमान आहे बघा त्यात."

मी मशीन जोडलं आणि पडद्यावर विमान आलं. मग मला म्हणाले, "एकदा. एकदा ते जहाज मना माझ्या हातानं बुडवायचं हाय. हा अंगठा जायच्या आधी. मंग काय व्हायचं ते होऊदे."

त्या घरात दुसरी कुठली इच्छा मी ऐकली नाही. बरं व्हायचं असं ते कधी बोलले नाहीत. देवाला काही बोलले असतील तर ते मला माहीत नाही.

पण मशीनबरोबर आलेला कंट्रोलर त्यांच्या कामाचा नव्हता. तो जाडजूड, आत बॅटरी, दोन बाजूंनी दोन दांड्या, आणि मधेच आपोआप थरथरायचा. मांडीवर ठेवला की घसरून खाली जायचा. दादांच्या हातात तो द्यायचा म्हणजे कुणाच्या हातात भरलेला तांब्या दिल्यासारखं व्हायचं. सगळं लक्ष खेळाऐवजी तो न पडण्याकडं.

मुलगी म्हणाली, "जुन्यासारखे दिसणारे मिळतात आता, नव्या मशीनला चालणारे. तूच बघून घे. रोज त्यांचा हात तू धरतोस, तुलाच कळेल कुठला बसतो ते."

माझ्यावर कुणी असा विश्वास टाकला की मला आनंद व्हायच्या आधी घाम येतो.

दादांनी काय पाहिजे ते नीट सांगितलं होतं. हलका पाहिजे. चपटा पाहिजे. वायरचाच पाहिजे. "वायर असली ना, की मांडीवरून पडला तरी पार जमिनीवर जात नाय. लोंबकलत राहतं, तू ओढून परत दे." बटणं दोन पुरेत. आणि शेवटचं, जे त्यांनी दोनदा सांगितलं. टर्बो नको.

टर्बो मला माहीत नव्हतं. दादांनी समजावलं. जुन्या कंट्रोलरला दोन बटणं जास्तीची असायची. साध्या बटणावर एक दाबलं की एक गोळी. टर्बोवर नुसतं बोट ठेवलं की गोळ्यांची रांग, आपोआप. दादांनी दुकानातल्या सगळ्या कंट्रोलरची टर्बो बटणं पक्कडीनं उपटून काढली होती आणि भोकांवर काळी टेप मारली होती. कारण टर्बोवाला पोरगा काही न करता जिंकायचा, आणि बाजूचा बोटं दुखेपर्यंत दाबून हरायचा, मग मारामाऱ्या. "माझ्या दुकानात फुकट जिंकायचं नाय. पैसे घे नि दुसरीकडं जा, असं सांगायचो."

नेरूळच्या एका मोबाईल आणि गेमच्या दुकानात मी गेलो. काउंटरवरच्या मुलानं तीन कंट्रोलर काचेवर मांडले. तिन्ही जुन्या धाटणीचे, करड्या रंगाचे, लाल बटणांचे.

"भाऊ, हा वायरलेस घ्या ना. आता वायर कोण वापरतं?"

"खेळता खेळता बॅटरी संपली तर?"

"चार्ज करायची."

"आणि चार्ज करायला ठेवली आणि लाइट गेली तर?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "भाऊ, लाइट गेली तर टीव्ही पण जाणार ना. मग कशावर खेळणार?"

बाजूला उभी असलेली दोन पोरं हसली. मी वायरलेस बाजूला सारला. राहिले दोन, दोन्ही वायरचे. एकाला टर्बो होतं आणि त्याची बटणं मऊ होती, बोट ठेवलं की खाली जायची. दुसऱ्याला टर्बो नव्हतं आणि बटणं चांगली घट्ट. दाबली की टक्क आवाज यायचा आणि बोट वर फेकलं जायचं.

इथं माझी चूक झाली, आणि ती चूक माझ्यातल्या गावाकडच्या माणसाची होती. आमच्याकडं नवी वस्तू घट्ट असली की माणूस खूश होऊन मान हलवतो. नळाची तोटी, चपलेचा अंगठा, सायकलचा ब्रेक, काहीही घ्या. घट्ट म्हणजे अस्सल, घट्ट म्हणजे टिकणार. मऊ निघालं की विकणाऱ्याच्या तोंडावर म्हणायचं, "वापरलेला माल देतो का रे?" मी ते घट्ट बटण चार वेळा दाबलं, चारही वेळा बोट वर आलं, आणि मला वाटलं मी जन्मात पहिल्यांदा काहीतरी बरोबर निवडलं. टर्बो नाही, वर पुन्हा घट्ट. माझ्या डोक्यात त्या क्षणी दादांचा अंगठा नव्हता, माझाच होता. धडधाकट, चोवीस वर्षांचा.

घरी येऊन मी खोका फाडून कचऱ्यात टाकला, कारण पसारा दिसला की मला ओरडा बसेल असं वाटतं. वायर जोडली. पडद्यावर काहीच हललं नाही. वहिनींनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला, तिनं सेटिंग कुठं आहे ते सांगितलं. वायरचा कंट्रोलर चालवायचा असेल तर मशीनला तसं आधी सांगावं लागतं. इंग्रजी मी अक्षर लावून वाचतो, तोवर वहिनी म्हणाल्या, "ते निळं बग, त्याच्या खाली." मग विमान हललं.

दादांनी अंगठा बटणावर ठेवला. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं. गोळी सुटली नाही. परत पांढरं पडलं. सुटली, एक. तिसऱ्यांदा हात मनगटापासून थरथरायला लागला.

"आरं," दादा म्हणाले, "हिंगोलीचा दगूड लावलाय काय या बटनाखाली?"

मी हसलो नाही. वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. रागाची नजर परवडते मला. ही तशी नव्हती.

दुकानवाल्यानं परत घेतला नाही. खोका नाही, पॅकिंग नाही. मऊवाला नवा घ्यायचा तर त्याला टर्बो. मी स्टेशनाच्या जिन्याखाली उभा राहिलो, आणि तिथं चाचांचं टेबल दिसलं.

चाचांनी कंट्रोलर हातात घेऊन आधी उलटा केला, स्क्रू बघितले. मग सुलटा करून डोळे मिटले आणि बटण करंगळीनं दाबलं.

"कडक आहे," म्हणाले. "कुणासाठी?"

मी सांगितलं.

"तू अंगठ्यानं दाबून घेतलास ना दुकानात? अंगठ्याला काय कळतंय. तो जोरावर असतो. आजारी माणसाचा रिमोट असला की मी करंगळीनं बघतो." मग विचारलं, "ते दाबतात कसे? वरून का बाजूनं?"

रोज तो हात धुणारा, पुसणारा, नखं काढणारा मी, आणि मला माहीत नव्हतं.

"जा, बघून ये."

मी सारसोळ्याला परत गेलो, बघितलं, परत आलो. "बाजूनं. अंगठ्याच्या आतल्या कडेनं."

चाचांनी स्क्रू काढले. बटणाखाली रबराची पट्टी असते, तिच्यावर टोप्या असतात, त्या दबल्या की काम होतं. चाचांनी डब्यातून मेलेल्या रिमोटांची रबरं काढली, एकेक लावून करंगळीनं दाबून बघितली. जे सगळ्यात मऊ होतं ते कापून बसवलं. बटणाची आतली कडही घासून उतरवली. पैसे विचारले तर म्हणाले, "पहिलं चालूदे."

चाललं. त्या संध्याकाळी दादांनी दोन स्टेज पार केल्या. वहिनींनी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, आता होईल. असं मला वाटलं की सहसा होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

रोज दुपारच्या चहानंतर मी दादांना टेकवून बसवायचो, कोपराखाली उशी द्यायचो, मांडीवर कंट्रोलर ठेवायचो, आणि दादा दोन बोटांनी विमान हलवायचे, अंगठ्यानं गोळी मारायचे. तिसरी स्टेज झाली. एकदा चौथी झाली. मग परत तिसरीच होईना. "बटन जड झालं रं," दादा म्हणाले. मी करंगळीनं दाबून बघितलं. बटण होतं तसंच होतं.

चाचांनी आणखी मऊ रबर लावलं. दहा-बारा दिवस गेले. बटण पुन्हा जड झालं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी चाचांच्या टेबलासमोर रडलो. येणारे जाणारे बघत होते. मी म्हणालो, चाचा, ह्याच्यात आतून टर्बो बसवून द्या. वरून काही दिसायला नको. बोट ठेवलं की गोळ्या सुटतील, दादांना वाटेल आपणच दाबतोय. एकदा ते जहाज बुडू द्या.

चाचांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्यांनी दुकान चालवलाय ना गेमचा?"

"हो."

"मग त्यांना कळेल."

"नाही कळणार, चाचा. बसवा की."

"तू सांगतोस म्हणून. मला विचारशील तर मी नाही म्हणतो." भंगारातल्या एका कंट्रोलरमधलं छोटं सर्किट काढून त्यांनी ते रबराच्या जागी जोडलं. काढलेलं रबर मात्र फेकलं नाही, कागदात गुंडाळून खणात ठेवलं. ते का ठेवलं हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी चहानंतर दादा खेळायला बसले. अंगठा ठेवला. गोळ्यांची रांग सुटली. टट टट टट, घड्याळासारखी. पहिली विमानं पटापट पडली. वहिनी म्हणाल्या, "बग, आज कसा हात चालतंय!" मी पडद्याकडं बघत होतो, म्हणून दादांचा चेहरा मला उशिरा दिसला. त्यांनी अंगठा उचलला. विमान तसंच मधे उभं राहिलं, समोरून आलेल्यांनी ते एकदा फोडलं, दुसऱ्यांदा फोडलं, तिसऱ्यांदा फोडलं. खेळ संपला.

"पानी दे जरा," ते वहिनींना म्हणाले. वहिनी आत गेल्या.

"कोनाला विचारून केलंस?"

मी वायरीचा गुंता सोडवायला लागलो.

"वीस वर्सं तो आवाज ऐकलाय मी. मानसाचं बोट असं एकसारखं चालत नाय. एवढा येडा समजलास मना?"

"चुकलो दादा."

"दुकानात असं करनाऱ्या पोराला मी बाहेर उन्हात उभा करायचो, सगल्यांसमोर. तुला कुठं उभा करू? तू उन्हात गेलास तर मना बाथरूमला कोन नेईल?"

मला वाटलं, आता वहिनींना सांगतील, ब्युरोला फोन जाईल. दादांनी वहिनींना सांगितलं नाही. ना त्या दिवशी, ना कधी. पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "ज्यानी हे केलं त्या मानसाला घेऊन ये. तो हुशार हाय. मना त्याच्याशी बोलायचंय."

चाचांनी टेबल आवरलं, दिवसाचं काम तसंच सोडलं आणि एक पिशवी घेऊन माझ्याबरोबर सारसोळ्याला आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना दोनदा थांबले.

"तुमी लावलात टर्बो?" वहिनी चहा टाकायला आत गेल्या तसं दादांनी विचारलं.

"लावला. तुमचा पोरगा रडत होता."

"रडनारच तो. त्याला दुसरं काय येतं?"

दोघं हसले. मी पण हसलो, कारण निदान मला पोरगा म्हटलं होतं.

चाचांनी सर्किट काढून टाकलं. कागदातलं रबर बसवलं, दादांना दाबायला लावलं. नाही जमलं. मग चाचा पलंगाच्या कडेला बसले, कंट्रोलर बाजूला ठेवला आणि आपला उजवा तळवा दादांच्या अंगठ्याखाली धरला.

"किती जोर आहे तेवढा बघू द्या. मग त्या मापाचा करतो. दाबा."

चाचा डोळे मिटून बसले. शिंप्यानं माप घ्यावं तशी मान थोडी तिरकी.

"दाबा दादा. लाजू नका."

"दाबतोय," दादा म्हणाले.

चाचांचे डोळे उघडले नाहीत, पण चेहरा बदलला. तो मी बघितला, आणि तेव्हा मला सगळं कळलं. रबर, वायर, टर्बो, मऊ, कडक, मी ज्याच्यासाठी एवढा धावत होतो ते ह्या दोन हातांच्या मधे होतं, आणि ते जवळजवळ नव्हतंच.

"हां," चाचा म्हणाले. "आला. लागला."

ते खरं बोलले की खोटं, हे मला आजही ठरवता येत नाही.

मग त्यांनी रबर काढूनच टाकलं. भांडी घासायच्या स्पंजाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा मागून घेतला, पिशवीतून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला, तो करंट जुळावा म्हणून स्पंजावर चिकटवला आणि बटणाखाली बसवला. बटण आता नुसतं टेकलेलं होतं. वाऱ्यानंही दबेल असं. "हे टिकणार नाही," चाचा म्हणाले. "दबून बसेल. बसला की बोलवा, मी येतो."

दादांनी अंगठा ठेवला. एक गोळी सुटली. थांबून दुसरी. मग तिसरी. वाकडीतिकडी, मागेपुढे, कुठलाच ताल नसलेली.

"हा मी," दादा म्हणाले.

अकरा दिवस चाललं. त्या अकरा दिवसांत चाचा दोनदा येऊन स्पंज बदलून गेले, तेवढे जिने चढून. पैशाचा विषय काढला की म्हणायचे, चहा चांगला असतो तुमच्याकडं. दादा एकदा पाचव्या स्टेजला पोचले. सातवी फार लांब होती. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि रोज चहानंतर आम्ही दोघं माहीत नसल्यासारखं बसायचो.

बाराव्या दिवशी विमान पहिल्याच स्टेजला खाली उभं राहिलं. समोरून विमानं यायला लागली. अंगठा बटणावर होता. मी आधी पडद्याकडं बघितलं, मग अंगठ्याकडं. अंगठा बाजूनं टेकलेला होता, रोजच्यासारखाच.

"दादा, मी दाबू?"

"नको."

विमान फुटलं. दुसरं आलं, तेही फुटलं. तिसरं यायच्या आधी दादा म्हणाले, "टीव्हीवर बातम्या लाव." मी लावल्या. कंट्रोलर मांडीवरून घसरला आणि वायरला लोंबकळत राहिला. मी तो उचलला नाही.

त्यानंतर त्या मशीनचं नाव कुणी काढलं नाही. महिन्याभरात गिळायला त्रास व्हायला लागला, नळी आली, घशातला कफ ओढायचं यंत्र आलं. त्याला शिकलेला माणूस लागतो, कोर्स केलेला, सर्टिफिकेटवाला. नववी अर्धी सोडलेला चालत नाही. ब्युरोनं मला काढून नर्सिंग शिकलेला ब्रदर पाठवला. निघताना दादांना बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मला वाटलं, ते म्हणतायत, घाबरून काय बघतंस. पण तसं ते म्हणत होते की नाही कोण जाणे. वहिनींनी जेवून जा म्हटलं. माझ्यानं जेववलं नाही.

आता मी दुसरीकडं ड्युटी करतो. तिथलेही बरे होणार नाहीत. कधी दुपारी पाय मोकळे करायला म्हणून स्टेशनाकडं जातो. मधे एकदा चाचांच्या टेबलाशी उभा राहून सांगितलं की नाही झालं, चाचा, जहाज नाही बुडलं.

चाचांनी हातातला रिमोट खाली ठेवला. "किती दिवस चालला?"

"अकरा."

"अकरा दिवस तो माणूस आपल्या हातानं खेळला," म्हणाले, आणि परत स्क्रू शोधायला लागले.

मला ते पुरेसं वाटत नाही. त्यांनाही वाटलं नसावं. पण एवढ्या मोठ्या शहरात एका अनोळखी आजारी माणसाच्या अंगठ्याखाली आपला तळवा धरायला कुणी आलं असेल तर ते चाचा, आणि ते माझ्या रडण्यामुळं आले. हे मी विसरणार नाही. माझ्याकडं द्यायला शिक्षण नाही, ओळखी नाहीत. मला एकच काम येतं. असा दिवस येवो असं माझ्या तोंडून निघणार नाही, पण चाचांना कधी उठायला, बसायला, दोन घास खायला कुणाचा हात लागला, तर नावड्याला मी जाईन. ब्युरोला न सांगता, ड्युटीचे तास न बघता जाईन, आणि ते नको म्हणाले तरी त्यांच्या दाराशी बसून राहीन. तेवढी परतफेड मी करणारच.